हलकी हेलिकॉप्टरे : अपघात का होतात?

पूरग्रस्त गावात औषधे पोहोचवावयाची असोत, दुर्गम भागातील रुग्णाला शहरात हलवावयाचे असो, निवडणुकीच्या काळातील दौरे असोत की उंच डोंगरावरील देवदर्शन असो, हेलिकॉप्टर हे वाहन आता ग्रामीण जनतेलाही अपरिचित राहिलेले नाही. तालुक्याच्या गावी शाळेच्या पटांगणावर चुन्याने वर्तुळ आखले जाते. महसूल, पोलीस व बांधकाम खात्यांचे कर्मचारी आणि ग्रामपंचायतीचे सदस्य कामाला लागतात आणि पंख्यांची घरघर ऐकू येताच सारा गाव पटांगणाकडे धाव घेतो. या यंत्राविषयी कुतूहल पुष्कळ आहे. माहिती मात्र त्या मानाने थोडी आहे. एखाद्या अपघाताची वार्ता आली की “यंत्र बिघडले असेल” असे म्हणून विषय तेथेच सोडून दिला जातो.

अपघातांच्या चौकशी-अहवालांवरून दिसणारे चित्र याहून वेगळे आहे. कित्येक गंभीर अपघातांत हेलिकॉप्टरचे यंत्र अखेरच्या क्षणापर्यंत नीट चालू होते, असे आढळून येते. अपघाताची कारणे मोजकीच आहेत आणि तीच पुन:पुन्हा घडतात. आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. यांपैकी काही कारणांचा उगम आकाशात नसून जमिनीवर असतो. म्हणजेच ती दूर करणे जमिनीवरील माणसांच्या हाती असते.

हलके हेलिकॉप्टर म्हणजे काय?

अमेरिका व युरोप येथील प्रमाणीकरणाच्या नियमांनुसार सामान्यत: ३,१७५ किलोग्रॅमपर्यंत कमाल वजनाची हेलिकॉप्टरे हलक्या वर्गात मोडतात. यात्रेकरूंची ने-आण करणारे ‘बेल ४०७’ हे एक इंजिनाचे, एक वैमानिक व सहा प्रवासी नेणारे यंत्र याच वर्गातील. हिंदुस्थान एरोनॉटिक्स या कारखान्यात तयार झालेली, सैन्यदलांनी अनेक दशके वापरलेली ‘चेतक’ व ‘चीता’ ही हेलिकॉप्टरेही याच वर्गातील होत. अमेरिकेतील ‘रॉबिन्सन आर-२२’ तर इतके छोटे की, दोन माणसे व इंधन धरूनही त्याचे कमाल वजन सुमारे ६२० किलोग्रॅम, म्हणजे लहान मोटारीहूनही कमी भरते.

हेलिकॉप्टरचा डोईवरचा मोठा पंखा त्यास उचलून धरतो. पंखा एका दिशेने फिरू लागला की खालचे धड उलट दिशेने फिरू पाहते. ते फिरू नये यासाठी शेपटीला लहान पंखा बसविलेला असतो. वैमानिकाच्या डाव्या हातातील दांड्याने पात्यांचा कोन वाढवून यंत्र वर-खाली नेता येते, उजव्या हातातील दांड्याने ते पुढे-मागे व बाजूला झुकविता येते आणि पायाखालील पायट्यांनी शेपटीचा पंखा नियंत्रित होतो. विमान सोडून दिले तरी काही काळ सरळ उडत राहते. हलक्या हेलिकॉप्टरचे तसे नाही. त्यांपैकी बहुतेकांत स्वयंचलित तोल राखण्याची सोय नसल्यामुळे वैमानिकास दोन्ही हात व दोन्ही पाय अखंड कामात गुंतवावे लागतात. पुढे येणाऱ्या बहुतेक कारणांचे मूळ या एका गोष्टीत आहे.

इंजिन बंद पडले तर?

इंजिन बंद पडले की हेलिकॉप्टर दगडासारखे खाली येते, हा समज सार्वत्रिक असला तरी बरोबर नाही. पंख असलेले बी झाडावरून गळाले की गिरक्या घेत सावकाश खाली येते. त्याचप्रमाणे खालून वर येणाऱ्या हवेच्या झोताने हेलिकॉप्टरचा पंखा इंजिनाविना फिरत राहतो आणि जमिनीजवळ आल्यावर त्या फिरण्यात साठलेल्या शक्तीचा उपयोग करून यंत्र अलगद टेकविता येते. प्रत्येक वैमानिकास याचे शिक्षण दिलेले असते.

मात्र यासाठी दोन अटी पाळल्या जाव्या लागतात. पहिली अट वेळेची. इंजिन थांबताच डाव्या हातातील दांडा तत्काळ खाली न्यावा लागतो. ‘बेल ४०७’ चा पंखा मिनिटास सुमारे ४१३ फेरे घेतो. ही गती ठरावीक मर्यादेखाली गेली तर पाती हवेची पकड सोडतात आणि मग कोणताही उपाय चालत नाही. ‘आर-२२’ सारख्या छोट्या यंत्राची पाती हलकी असल्यामुळे त्यांत साठलेली शक्तीही अल्प असते. वैमानिकास तेथे जेमतेम एक-दीड सेकंदाचा अवधी मिळतो. दुसरी अट उंची व वेग यांची. पुरेशी उंची किंवा पुरेसा वेग यांपैकी एक तरी हाताशी असावा लागतो. जमिनीपासून तीस-चाळीस मीटरांवर एका जागी तरंगणाऱ्या हेलिकॉप्टरपाशी दोन्ही नसतात. म्हणून सामान्य माणसास जी कमी उंची सुरक्षित वाटते, तीच वैमानिकास धोक्याची असते.

इंजिन बंद पडण्यास दर वेळी बिघाडच कारणीभूत असतो असेही नाही. इंधनाचा हिशेब चुकल्यामुळे टाकी रिकामी झाल्याची उदाहरणे घडतात. पेट्रोलवर चालणाऱ्या काही इंजिनांत, बाहेर हवा उबदार पण दमट असतानाही, कार्ब्युरेटरमध्ये बर्फ साचून इंजिन गुदमरते.

ढगात हरवलेली दिशा

जीवितहानीच्या दृष्टीने सर्वांत भयंकर कारण म्हणजे दिसेनासे झाल्यावरही पुढे जात राहणे. हलक्या हेलिकॉप्टरचे उड्डाण बहुधा डोळ्यांना दिसणाऱ्या जमिनीच्या व क्षितिजाच्या आधारे केले जाते. ढग किंवा धुके यांत क्षितिज नाहीसे झाले की माणसाच्या कानातील तोल सांभाळणारे इंद्रिय त्यास फसवू लागते. यंत्र कलत असताना ते सरळ असल्याचा भास होतो आणि सरळ असताना कलल्याचा. १९५० च्या दशकात अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात विमानांच्या बाबतीत एक प्रयोग करण्यात आला. केवळ उपकरणे पाहून उडविण्याचे शिक्षण नसलेल्या वीस वैमानिकांना ढगात शिरल्यासारखी परिस्थिती निर्माण करून देण्यात आली. वीसच्या वीस जणांचा ताबा सुटला आणि त्यास सरासरी १७८ सेकंद, म्हणजे तीन मिनिटांहूनही कमी वेळ लागला. विमानापेक्षा हेलिकॉप्टर अधिक अस्थिर, हे लक्षात घेता या आकड्याचे गांभीर्य कळून येईल.

आपल्या देशाने या कारणापायी मोठी किंमत मोजली आहे. लोकसभेचे अध्यक्ष श्री. जी. एम. सी. बालयोगी यांचे ३ मार्च २००२ रोजी आंध्र प्रदेशातील कैकलूर परिसरात अपघाती निधन झाले. त्यांचे ‘बेल २०६’ हे हलके हेलिकॉप्टर दृश्यता अपुरी असताना मत्स्यतळ्यात कोसळले होते. त्याच राज्याचे मुख्यमंत्री श्री. वाय. एस. राजशेखर रेड्डी यांचे २ सप्टेंबर २००९ रोजी नल्लमल्ला डोंगरांत निधन झाले. त्यांचे हेलिकॉप्टर दोन इंजिनांचे व अधिक मोठे होते. तेलाच्या दाबाविषयीच्या एका इशाऱ्याचा उलगडा करण्यात वैमानिक गुंतले असताना हेलिकॉप्टर वादळी ढगांच्या प्रदेशात शिरले, असे चौकशीत दिसून आले. केदारनाथ येथे १८ ऑक्टोबर २०२२ रोजी धुक्यात उड्डाण केलेले ‘बेल ४०७’ गरुडचट्टीजवळ डोंगरावर आदळून सात जण मृत्युमुखी पडले. १५ जून २०२५ रोजी पहाटे गौरीकुंडच्या जंगलात त्याच प्रकारचे हेलिकॉप्टर कोसळले आणि पुन्हा सात जणांचे प्राण गेले. प्राथमिक माहितीनुसार त्या वेळी दृश्यता अत्यंत कमी होती. मृतांमध्ये महाराष्ट्रातील यात्रेकरूही होते.

या अपघातांत नवशिके वैमानिक होते असे म्हणता येत नाही. हवा एकदम बिघडत नाही, ती थोडीथोडी बिघडत जाते. “एवढी खिंड ओलांडली की पुढे मोकळे असेल” या आशेवर माणूस पुढे जातो आणि मागे वळण्याची जागा केव्हा संपली ते त्यास कळत नाही.

न दिसणाऱ्या तारा

दुसरे मोठे कारण म्हणजे तारा. आकाशातून पाहताना बारीक तार झाडी, माती व दगड यांच्या रंगात मिसळून जाते. दहा-वीस मीटर अंतरावर येईपर्यंत ती दिसत नाही आणि दिसल्यावर टाळण्यास वेळ उरत नाही. म्हणून अनुभवी वैमानिक तार न शोधता खांब शोधतात. परंतु दरीच्या दोन काठांवरील खांब झाडांत दडलेले असले तर तोही उपाय निरुपयोगी ठरतो.

८ मे २०२५ रोजी उत्तरकाशी जिल्ह्यात गंगनानी येथे झालेल्या अपघातात सहा जणांचा मृत्यू झाला. विमान अपघात अन्वेषण ब्यूरोच्या प्राथमिक अहवालानुसार, हेलिकॉप्टर गंगोत्री महामार्गावर उतरण्याच्या प्रयत्नात असताना मुख्य पंख्याचे पाते रस्त्याला समांतर गेलेल्या तारेत अडकले. ही तार विजेची नव्हती, संदेशवहनाच्या काचतंतूची होती. त्यानंतर हेलिकॉप्टर रस्त्याकडेचे कठडे तोडून दरीत गेले. महाराष्ट्रातही याचा अनुभव आहे. २५ मे २०१७ रोजी लातूर जिल्ह्यातील निलंगा येथे मुख्यमंत्री श्री. देवेंद्र फडणवीस यांना घेऊन निघालेले हेलिकॉप्टर उड्डाणानंतर काही क्षणांतच खाली येऊन विजेच्या तारांत सापडले. ते हलक्या वर्गातील नव्हते. परंतु तारेपुढे लहान-मोठे यंत्र असा भेद राहत नाही. सुदैवाने आतील सर्व जण बचावले.

विरळ हवा आणि वाढता भार

पंखा हवेला खाली ढकलतो म्हणून हेलिकॉप्टर वर राहते. हवाच विरळ असेल तर पंख्यास पकड कमी मिळते आणि इंजिनाची शक्तीही घटते. केदारनाथचे मंदिर सुमारे ३,५५० मीटर उंचीवर आहे. तेथील हवेची घनता समुद्रसपाटीच्या मानाने जवळजवळ सात-दशांशच असते. उंचीप्रमाणे उष्णतेचाही असाच परिणाम होतो. १५ अंश सेल्सियसच्या तुलनेत ४० अंशांवर हवा सुमारे आठ टक्के विरळ होते. मराठवाडा-विदर्भातील मे महिन्याच्या दुपारी पठारावरील पटांगणातून सरळ वर उचलले जाणारे हेलिकॉप्टर म्हणूनच सकाळच्या गारव्यात उचलेल तेवढा भार उचलू शकत नाही.

अशा वेळी एक जादा प्रवासी किंवा दोन जादा बॅगा ही किरकोळ बाब राहत नाही. हलक्या यंत्रात वजन व उचल यांतील अंतर थोडक्या किलोंचे असते. वैमानिकाने डावा दांडा आणखी वर खेचला तर पंख्याची गती मंदावते. गती मंदावली की उचल आणखी घटते आणि यंत्र पुन्हा जमिनीकडे येऊ लागते.

उतरतानाचे सापळे

उतरताना चार प्रकारचे धोके संभवतात. पहिला, स्वत:च्याच भोवऱ्यात सापडण्याचा. पुढे जाण्याचा वेग जवळजवळ नाहीसा करून हेलिकॉप्टर मिनिटास तीनशे फुटांहून अधिक गतीने सरळ खाली येऊ लागले, तर पंख्याने खाली ढकललेली हवा कडेने वर येऊन पुन्हा पंख्यात शिरते. मग इंजिनाचा जोर वाढविला तरी यंत्र अधिकच वेगाने खाली जाते. उंची शिल्लक असल्यास पुढे किंवा बाजूला सरकून सुटका होते; जमिनीजवळ ती होत नाही. झाडे, मांडव व इमारती यांनी वेढलेल्या जागेत वैमानिकास असे सरळ खाली यावे लागते. म्हणून उतरण्याच्या जागेइतकीच तिथवर येण्याची वाट मोकळी असणे आवश्यक असते.

दुसरा धोका धुळीचा. कोरड्या मातीवर पंख्याचा झोत पडला की काही सेकंदांत सारे धुळीने झाकले जाते आणि अगदी शेवटच्या टप्प्यावर वैमानिकास जमीन दिसेनाशी होते. ३ मे २०२४ रोजी रायगड जिल्ह्यातील महाड येथे प्रचारदौऱ्यासाठी आलेले हेलिकॉप्टर तात्पुरत्या हेलिपॅडवर उतरताना धुळीच्या लोटात तोल जाऊन आडवे झाले. प्रवासी अद्याप बसावयाचे होते, म्हणून मोठी हानी टळली.

तिसरा धोका उलटण्याचा. हलक्या हेलिकॉप्टरला बहुधा चाके नसून खाली दोन दांड्या असतात. त्यांपैकी एक चिखलात रुतली किंवा दगडास अडली असता यंत्र वर उचलू गेल्यास ते अडलेल्या दांडीभोवती फिरून क्षणार्धात कुशीवर पडते. चौथा धोका वाऱ्याचा. मंद गतीत असताना मागून किंवा बाजूने जोराचा वारा आल्यास शेपटीचा पंखा अपुरा पडतो आणि यंत्र भिंगरीसारखे फिरू लागते.

रचनेतील उणिवा

काही यंत्रांचे स्वत:चे असे विशेष धोके आहेत. ‘आर-२२’ व ‘आर-४४’ यांच्या मुख्य पंख्यास दोनच पाती असून ती तराजूच्या दांडीप्रमाणे मधल्या खिळीवर तोललेली असतात. उड्डाणात नाक झटक्याने खाली ढकलले गेले तर पंख्यावरील भार क्षणभर नाहीसा होतो. अशा वेळी वैमानिकाच्या हातून चुकीची हालचाल झाली तर पंख्याचा मधला भाग त्याला धरणाऱ्या खांबावर आदळतो आणि खांब तुटू शकतो. असे अपघात घडू लागल्यानंतर अमेरिकेने १९९५ साली या दोन यंत्रांच्या वैमानिकांसाठी स्वतंत्र शिक्षणाचा नियम केला. अपघातानंतर भडकणारी आग हाही असाच प्रश्न होता. धक्क्याने ‘आर-४४’ च्या जुन्या धातूच्या टाक्या फुटत आणि मूळ आपटण्यातून वाचू शकणारी माणसे आगीत दगावत. मार्च २०१३ मध्ये ऑस्ट्रेलियातील बुलाय टॉप्स येथे चार जण असे दगावल्यानंतर तेथील शासनाने रबरी अस्तराच्या टाक्या बसविल्याखेरीज त्या यंत्रांना उड्डाणास बंदी केली. यंत्रातील दोष कळला की तो दूर करता येतो, हे यावरून दिसते. माणसाच्या स्वभावातील दोष दूर करणे मात्र इतके सोपे नाही.

भीड आणि घाई

वैमानिकावर दडपण आणण्यासाठी कोणी कठोर शब्द वापरावेच लागतात असे नाही. सभा खोळंबली आहे, प्रवासी घड्याळाकडे पाहत आहेत, मालकाच्या आणखी तीन फेऱ्या व्हावयाच्या आहेत, एवढे त्यास पुरेसे असते. “जरा पाहू तर खरे” असा एक साधा उद्गारही त्याचा निर्णय फिरवू शकतो. जगातील हेलिकॉप्टर-व्यावसायिकांनी “उतरा आणि जिवंत राहा” अशा अर्थाची मोहीम चालविली ती याचसाठी. विमानाला धावपट्टी लागते, हेलिकॉप्टरला मोकळे शेतही पुरते. हवा बिघडू लागताच, उंची व इंधन शिल्लक असतानाच एखाद्या माळावर उतरून वाट पाहणे हा या यंत्राचा सर्वांत मोठा गुण आहे. तो न वापरल्यामुळे अनेकांचे प्राण गेले आहेत.

जमिनीवरील कर्तव्ये

उड्डाण करावयाचे की नाही हा निर्णय सर्वस्वी वैमानिकाचा आहे. तथापि त्याचा निर्णय सोपा व सुरक्षित करणे हे खाली उभ्या असलेल्या माणसांचे काम आहे. तात्पुरती जागा निवडताना आसपासच्या सर्व तारांची पाहणी करावी. त्यांत वीज, दूरध्वनी, केबल व मांडवाचे ताण हे सारे आले. त्यांची माहिती नकाशासह वैमानिकास आगाऊ कळवावी. जमीन सपाट करून रोलरने दाबावी, सैल दगड वेचून काढावेत आणि पुरेसे आधी पाणी मारावे. मात्र चिखल होईल इतके मारू नये. पताका, कापडी फलक, ताडपत्री, पत्रे व प्लास्टिक दूर हलवावे, कारण झोताने उडालेले कापड पंख्यात जाऊन अनर्थ होऊ शकतो. वाऱ्याची दिशा दाखविणारी कापडी नळी किंवा झेंडी दिसेल अशा जागी लावावी. प्रवासी व सामान यांचे वजन खरे सांगावे आणि ऐनवेळी माणूस वाढवू नये.

फिरत्या शेपटीच्या पंख्याचे पाते डोळ्यांस दिसत नाही. एप्रिल २०२३ मध्ये केदारनाथच्या हेलिपॅडवर एका शासकीय अधिकाऱ्याचा या पंख्याच्या आघाताने मृत्यू झाला. हेलिकॉप्टरची नित्य ये-जा असलेल्या जागी हे घडले, हे विसरून चालणार नाही. म्हणून वैमानिकाने खूण केल्याशिवाय जवळ जाऊ नये, गेल्यास त्याच्या नजरेसमोरून वाकून जावे आणि शेपटीकडे कोणत्याही कारणाने जाऊ नये. उतारावर उभ्या असलेल्या यंत्राकडे चढाच्या बाजूने जाऊ नये, कारण तिकडे मोठा पंखा जमिनीच्या अधिक जवळ असतो.

आणि एखाद्या दिवशी ढगांमुळे अनपेक्षितपणे कोणते हेलिकॉप्टर गावच्या माळावर उतरलेच, तर तो अपघात समजू नये. तो टळलेला अपघात होय. शिक्षकांनी मुलांना दूर ठेवावे, पोलीस पाटलांनी ठाण्यास कळवावे, सरपंचांनी गर्दी आवरावी आणि जवळपासच्या तारा वैमानिकास दाखवून द्याव्यात. आभाळ मोकळे होईपर्यंत त्यास व त्याच्या प्रवाशांस चहापाणी देऊन बसवून घ्यावे. निघण्याची घाई मात्र कोणीही करू नये.